प्लॅनवर ३७५, मॉडेलवर ३९२! तिरक्या भागांची खरी लांबी काढायची कशी?

खटपटे | ६ जुलै, रात्री ११:१०

मंडळी, आधी हसून घ्या, मग वाट दाखवा.

एप्रिलपासून 'पुष्पक' विमानाचं मॉडेल बांधतोय, १:६ मापात. मूळ विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत १०.९७ मीटर, म्हणजे माझे १८२८ मिमी. हॉलमध्ये ठेवलं की घरातली माणसं भिंतीला पाठ लावून जातात. पंख झाले, फ्यूजलाज (विमानाचं धड) झालं, परवा स्ट्रट कापायला बसलो. ज्यांनी पुष्पक पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: पंख छपरावर, आणि त्यांना खालून आधार द्यायला दर बाजूला दोन तिरके दांडे. खाली फ्यूजलाजपाशी दोन्ही एकाच ठिकाणी, वर एक पुढच्या स्पारला (स्पार म्हणजे पंखाच्या आतला लांब दांडा) आणि दुसरा मागच्या स्पारला.

प्लॅनच्या फ्रंट व्ह्यूवर पट्टी ठेवली. पुढचा ३७६, मागचा ३७५. पाइनच्या चार पट्ट्या कापल्या, टोकं घासली, वर वार्निशचा एक हातसुद्धा मारला. लावायला गेलो तर पुढचा चपखल बसला आणि मागचा स्पारच्या १७ मिमी अलीकडेच संपला. एका बाजूला झालं असतं तर माझा हात चुकला म्हटलं असतं, पण दोन्हीकडे अगदी तेवढाच फरक.

मग तोच मागचा स्ट्रट साइड व्ह्यूमध्ये मोजला: २१२. टॉप व्ह्यूमध्ये: ३४९. तीन व्ह्यू, तीन मापं, आणि मॉडेलवर चौथंच. प्लॅन गंडलेला आहे का?

बोरूबहाद्दर | ६ जुलै, रात्री ११:३२

लावून बघायच्या आधीच वार्निश. तुम्ही आमच्यातले आहात.

डिप्लोमा_साडेतीन_वर्षांत | ७ जुलै, सकाळी ७:०५

प्रोजेक्शन ऑफ लाइन्स! सकाळी सकाळी अंगावर काटा आणलात. 'एका रेघेची टोकं एचपीच्या (आडव्या प्रतलाच्या) वर २० आणि व्हीपीच्या (उभ्या प्रतलाच्या) पुढे ३५...' याच धड्याने माझं अर्धं वर्ष खाल्लं. ते कशाला शिकवतात हे आज कळतंय.

निवृत्त वर्कशॉप | ७ जुलै, सकाळी ९:४०

खटपटे, प्लॅन बरोबर आहे आणि तिन्ही व्ह्यूही बरोबर आहेत. तुम्ही त्यांना जो प्रश्न विचारलात त्याचं उत्तर त्यांच्याकडे नाही, एवढंच.

रात्री दिवे गेल्यावर मेणबत्ती लांब ठेवून भिंतीवर पेन्सिलीची सावली पाडून बघा. पेन्सिल भिंतीला समांतर धरली की सावली जवळजवळ तिच्याएवढी. टोक आपल्याकडे वळवत आणलं की सावली आखडत जाते आणि शेवटी ठिपका उरतो. पेन्सिल मात्र आहे तेवढीच. प्लॅनवरचा प्रत्येक व्ह्यू ही अशी सावली असते. भाग कागदाला समांतर असेल तरच तिथे त्याची खरी लांबी मिळते.

तुमचा स्ट्रट तीन दिशांना सरकतो: बाहेर, वर आणि मागे. समोरून बघताना बाहेर आणि वर दिसतं, मागे किती गेला ते दिसत नाही. बाजूने बघताना बाहेरचं अंतर जातं. वरून बघताना उंची जाते. प्रत्येक व्ह्यू एकेक आकडा गिळतो. त्यामुळे मोजायला बसण्याआधी विचारायचं, हा व्ह्यू कुठला आकडा गिळून बसलाय?

तुमचा पुढचा स्ट्रट बरोबर आला तो नशिबाने. तो पुढेमागे फारसा कलत नसणार, म्हणून फ्रंट व्ह्यूने त्याचं फार काही गिळलं नाही. खालच्या जोडाच्या भोकापासून वरच्या जोडाच्या भोकापर्यंतचे तीन आकडे दोन्ही स्ट्रटसाठी काढून द्या. मध्यापासून मध्यापर्यंत.

खटपटे | ७ जुलै, रात्री १०:१५

घ्या मास्तर.
पुढचा: बाहेर ३३०, वर १८०, पुढे १५.
मागचा: बाहेर ३३०, वर १७८, मागे ११५.
(पंखाला थोडा इन्सिडन्स आहे, म्हणजे पुढची कड जरा वर, म्हणून मागचा स्पार २ मिमी खाली.)

निवृत्त वर्कशॉप | ७ जुलै, रात्री १०:५०

आता पायथागोरस, फक्त दोनाच्या जागी तीन आकडे. प्रत्येकाचा वर्ग, बेरीज, वर्गमूळ.

मागचा: १,०८,९०० + ३१,६८४ + १३,२२५ = १,५३,८०९. वर्गमूळ ३९२.२.
पुढचा: १,०८,९०० + ३२,४०० + २२५ = १,४१,५२५. वर्गमूळ ३७६.२.

पुढच्या स्ट्रटमधले ते १५ मिमी बघा. वर्ग केल्यावर २२५, आणि लाखाच्या बेरजेत त्याला कोण विचारतो? पाव-अर्धा मिलिमीटर फरक. तेच ११५ झाले की १७ मिमी. कल लहान असतो तोवर काही बिघडत नाही, वाढला की फरक झपाट्याने वाढतो. भाग कागदाशी ५ अंश कलला असेल तर खरी लांबी दिसते त्याहून ०.४ टक्के जास्त. १० अंशाला दीड टक्का. २० अंशाला साडेसहाच्या आसपास, ३० ला साडेपंधरा आणि ४५ ला ४१ टक्के. म्हणून पंखाच्या किरकोळ डायहेड्रलने (टोकं वर उचललेली असतात त्याने) कुणी रडत नाही, पण व्ही-टेलवाले रडतात. ३५ अंश उचललेली २०० मिमीची शेपटी वरून बघितली तर १६४ च दिसते.

कॅल्क्युलेटर नको असेल तर गुण्या घ्या. पुठ्ठ्यावर काटकोन काढा, आडव्या रेघेवर टॉप व्ह्यूमधली लांबी (तुमची ३४९.५) आणि उभ्या रेघेवर उंचीतला फरक (१७८) घ्या. दोन टोकं जोडली की तिरकी रेघ ३९२ भरेल. डक्टिंगचे पत्रेवाले सगळं काम याच त्रिकोणावर काढतात, अर्ध्यांना पायथागोरस हे नावही ठाऊक नसतं. माझे विद्यार्थी कंपासने रेघ फिरवून एक्सवाय रेघेला (दोन व्ह्यूंमधल्या आडव्या रेघेला) समांतर करायचे आणि मग वर प्रोजेक्टर (उभ्या जोडरेघा) टाकायचे. तीही हीच गोष्ट, फक्त तिला मार्क मिळायचे.

माडबनी | ८ जुलै, दुपारी १:२०

मास्तर, हे वाचून आजोबा आठवले. आमच्याकडे चौपाखी घराचं छप्पर करताना हाच घोळ. सरळ वासा सोपा. भिंतीपासून आढं ३ मीटर आत आणि २ मीटर वर असेल तर ३.६१. पण कोपऱ्यातून चढणारा वासा इकडेही ३ आत जातो, तिकडेही ३, आणि वर २. म्हणजे ४.६९. नवखा सुतार नेहमी हाच आखूड कापायचा आणि मग शिव्या खायचा.

आजोबांना वर्गमूळ येत नव्हतं. ते दोन काठ्या एकमेकींवर ठेवायचे, हाताने घट्ट धरायचे आणि कोपऱ्यापासून आढ्यापर्यंत टोकं भिडेतोवर सरकवायचे. मग खिळ्याने खूण. खटपटे, तुमचं विमान तर पुढ्यात उभं आहे. आइसक्रीमच्या दोन काड्या, एक रबरबँड. भोकाला भोक भिडवा आणि माप घ्या.

खटपटे | ८ जुलै, रात्री ९:३०

माडबनी, काड्या ३९२ भरल्या. चार दिवस प्लॅनशी भांडत बसलो होतो.

क्लाउडनऊ | ८ जुलै, रात्री १०:०२

२०२४ नंतर कोण कागदावर पट्टी ठेवतं? कॅडमध्ये तीन व्ह्यू टाका, थ्रीडी करा, रेघेवर क्लिक करा. लांबी समोर.

निवृत्त वर्कशॉप | ८ जुलै, रात्री १०:४०

जरूर करा. पण त्यालाही तेच तीन आकडे द्यावे लागतात, एक विसरलात तर तोही ३७५ च सांगेल, तेही दशांशाच्या चार स्थळांपर्यंत. आणि कॅडमधलं विमान सरळ असतं, खटपट्यांचं हॉलमध्ये आहे.

तिरकी रेघ | ९ जुलै, सकाळी ८:१५

लांबीचं झालं, पण खटपटे, पुढची ठेच मी आताच सांगते, कारण ती मला लागलेली आहे. कोनही तसेच फसवतात.

स्ट्रट ज्या दोन पत्र्याच्या पट्ट्यांना जोडणार त्या खालच्या जोडात किती अंशांनी फाकवायच्या? तुम्ही साइड व्ह्यू बघाल, तिथे व्ही सुरेख दिसतो. तुमच्याच आकड्यांनी तिथला कोन येतो जवळपास ३७.६ अंश. टॉप व्ह्यूमध्ये तोच कोन २१.८. खरा आहे १९.३. साइड व्ह्यू बघून पट्टी वाकवली तर दुपटीच्या आसपास फाकेल आणि स्ट्रट ताणून बसवावा लागेल. ताणून बसवलेला स्ट्रट पंखाला पीळ देतो, मग हवेत विमान एका बाजूला वळत राहतं आणि आपण एलरॉनचं (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या फळीचं) ट्रिम फिरवत बसतो.

कोन काढायला त्रिकोणमितीत शिरायची गरज नाही. तीन खऱ्या लांब्या तुमच्याकडे आहेत: पुढचा ३७६.२, मागचा ३९२.२ आणि वरच्या दोन भोकांमधलं अंतर १३०. पुठ्ठ्यावर १३० ची रेघ, दोन टोकांवरून कंपासने दोन कंस. छेदतील तो खालचा जोड. त्रिकोण कापून घ्या आणि पत्रा त्यावर ठेवून वाकवा. तीन बाजू ठरल्या की त्रिकोण हलूच शकत नाही. हाच पुठ्ठा दुसऱ्या बाजूला उलटा करून वापरायचा.

स्ट्रटचं टोक जमिनीशी किती कललंय तेही असंच. फ्रंट व्ह्यू २८.३ अंश सांगेल, खरं आहे २७. टोक घासताना सव्वा अंशाने जीव जात नाही, पण माहीत असावं.

डिप्लोमा_साडेतीन_वर्षांत | ९ जुलै, सकाळी ९:००

वाचनखूण साठवली. मुलीला दाखवणार आहे, ती यंदा डिप्लोमाला आहे.

वाऱ्यावरचा | ९ जुलै, संध्याकाळी ६:४५

धागा जरा पळवतो. माझा प्रश्न चाकांच्या तारेचा आहे. ३ मिमीची पियानो वायर, एक पाय फ्यूजलाजपासून खाली ११०, बाहेर ६५ आणि पुढे ४० जातो. मी फ्रंट व्ह्यूवरून १२८ घेतलं होतं. धाग्यानुसार ते चूक ना?

निवृत्त वर्कशॉप | ९ जुलै, संध्याकाळी ७:३०

चूक. १२,१०० + ४,२२५ + १,६०० = १७,९२५, म्हणजे १३३.९. साइड व्ह्यूने घेतलं असतंत तर ११७. त्यातल्या त्यात मोठं माप निवडलंत हे बरं केलंत, तरी ६ मिमी कमी.

तारेचं वेगळं प्रकरण असं की ती एकदा वाकली की सरळ होत नाही. पियानो वायर परत उलटी वाकवली तर तिथेच तुटते, आज नाही तर उतरताना. म्हणून आधी बाइंडिंग वायरने नमुना वाकवा आणि मॉडेलवर धरून बघा. टोकं दोन्हीकडे १५-२० मिमी जास्त ठेवा. आणि वाकवण्याचा क्रम कागदावर लिहून ठेवा, कारण दुसरी घडी पहिल्या घडीच्या प्रतलात नसते. मी दोन डावे पाय केलेत एकदा.

बोरूबहाद्दर | ९ जुलै, संध्याकाळी ७:४१

दोन डावे पाय, आणि नृत्य नाही, विमान.

तिरकी रेघ | १० जुलै, रात्री ९:२०

एक उलटी बाजूही सांगायला हवी, नाहीतर उद्या कुणीतरी दिसेल त्या प्लॅनवर वर्गमूळ लावत सुटेल.

ज्या कागदावरून मॉडेल प्रत्यक्ष बांधायचं असतं, त्या बांधणीच्या प्लॅनमध्ये पंख बहुतेक वेळा पाटावर सपाट ठेवून काढलेला असतो. डायहेड्रल नंतर टोक उचलून द्यायचं. म्हणजे कागदावर स्पारची खरीच लांबी आहे, तिला पुन्हा दुरुस्ती करू नका. पण मूळ विमानाचा थ्री-व्ह्यू मोठा करून स्वतः प्लॅन बनवत असाल तर तिथे पंख कललेला आहे. २ अंशाला तुमच्या अर्ध्या पंखाचे ९१४ चे ९१४.६ होतात, सोडून द्या, पण सवय म्हणून लक्षात असू द्या.

फ्यूजलाजच्या बाजू मात्र नेहमी दगा देतात. केबिनच्या मागे फ्यूजलाज शेपटीकडे निमुळतं होतं. समजा केबिनपाशी अर्धी रुंदी ९०, शेपटीच्या खांबाशी ६, आणि साइड व्ह्यूमध्ये मधलं अंतर ६४०. बाजू तिरकी आत जाते, तेव्हा तिची खरी लांबी ६४५.५. साइड व्ह्यूवर टाचण्या टोचून बाजू सपाट बांधली आणि मग शेपटीकडे दोन्ही बाजू ओढून चिकटवल्या, तर विमान साडेपाच मिमीने आखूड झालं. वर सगळे फॉर्मर (फ्यूजलाजच्या आतल्या आडव्या चौकटी) थोडेथोडे पुढे सरकतात आणि टॉप व्ह्यूवरच्या खुणांशी जुळेनासे होतात.

काही जुने प्लॅन काढणारे हे आधीच धरून साइड व्ह्यू ताणून काढत. ओळखायची युक्ती: साइड आणि टॉप व्ह्यू एकाखाली एक ठेवून फॉर्मरच्या रेघा जुळतात का बघा. जुळत असतील तर साइड व्ह्यू ही सावली आहे, लाँजरॉन (फ्यूजलाजच्या लांबीभर जाणाऱ्या पट्ट्या) लांब ठेवा. शेपटीकडे साइड व्ह्यू हळूहळू पुढे निघून जात असेल तर दुरुस्ती झालेली आहे, हात लावू नका.

माडबनी | १० जुलै, रात्री १०:०५

आणि कागदच खरा आहे का तेही बघा. माझा एक प्लॅन प्रिंटच्या दुकानातून आणला, तिथल्या पोराने पानावर बसावा म्हणून परस्पर ९७ टक्के केला. लांबीला ९७, रुंदीलाही ९७, म्हणून दिसायला सगळं गोंडस. इंजिन बसवताना कळलं. तेव्हापासून प्लॅनवरची मापपट्टी आधी आडवी मोजतो आणि मग उभी, कारण काही मशिनं एकाच दिशेने ताणतात. त्यात आमच्याकडचा जुलै. कागद दमट होऊन फुगतो. एप्रिलमध्ये कापलेला फॉर्मर पावसाळ्यात प्लॅनवर ठेवला तर मिलिमीटरभर कमी वाटतो आणि माणूस नवा कापायला बसतो.

क्लाउडनऊ | १० जुलै, रात्री ११:१८

माघार. कागदवाल्यांचं ऐकतो. पण खटपटे, पुष्पकच का? सगळे पायपर कब करतात.

खटपटे | ११ जुलै, सकाळी ६:५०

कबचं किट मिळतं, पुष्पकचं मिळत नाही, म्हणून. शिवाय आपलं विमान. २८ सप्टेंबर १९५८ ला पहिल्यांदा उडालं, बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये घडलं, आणि फ्लाइंग क्लबांतून कितीतरी वैमानिक त्यावर शिकले. त्या काळी तिथलं डिझाइनचं काम डॉ. विष्णू माधव घाटगे बघत होते. कोल्हापूर जिल्ह्यातला माणूस, जर्मनीत गटिंगनला वायुगतिकीवाल्या प्रांटलच्या हाताखाली पीएचडी केलेला. एचटी-२ हे शिकाऊ विमान त्यांचंच. पुष्पकवर अमेरिकन एरोंका चीफची छाप उघड दिसते, ते नाकारायचं कारण नाही. तरीही.

नवे मागचे स्ट्रट कापलेत, ३९२ भोक ते भोक. टोकाच्या पितळी पट्ट्यांची लांबी लाकडातून वजा केली, तेवढी अक्कल आली आता.

निवृत्त वर्कशॉप | ११ जुलै, सकाळी ८:१०

जुने ३७५ वाले फेकू नका. पट्टी मिलिमीटरभर बाहेर काढलीत की पुढच्या स्ट्रटसाठी स्पेअर म्हणून चालतील. उतरताना पहिला तोच मोडतो.

खटपटे | २ ऑगस्ट, रात्री ११:४०

धागा वर काढतोय. मास्तर, ताई, माडबनी, पुन्हा अडलोय.

स्ट्रट कायमचे बसवण्याआधी माडबनींच्या काड्यांनी चारही मापं पुन्हा घेतली. पुढचे डावे-उजवे तंतोतंत सारखे. मागचा डावा ३९१, उजवा ३९३. पुठ्ठ्याचा त्रिकोण डावीकडे ढिला, उजवीकडे तंग. कापताना चूक नाही, पट्ट्या दोन्हीकडच्या एकाच मापाच्या आहेत. २ मिमीचं काय एवढं, घासून बसवू का?

तिरकी रेघ | ३ ऑगस्ट, सकाळी ७:३०

घासू नका! पुढचे सारखे आणि मागच्यांतच फरक, यात सगळं आलं. पुढचा स्ट्रट पुढेमागे जवळजवळ कललेलाच नाही, त्यामुळे पंख थोडा पुढेमागे सरकला तरी त्याला कळतच नाही. मागचा ११५ मिमी मागे जातो, त्याला लगेच कळतं. उजवा पंख मागे गेलाय, डावा पुढे. पंख फ्यूजलाजवर काटकोनात बसलेला नाही.

निवृत्त वर्कशॉप | ३ ऑगस्ट, सकाळी ९:०५

ताईंशी सहमत. हिशेब करून बघितला. मागच्या स्ट्रटमध्ये दर बाजूला १ मिमी फरक पडायला तिथला पंख साडेतीन मिमी सरकायला हवा, म्हणजे टोकाला ७ च्या वर. शेपटीच्या खांबाला दोरी बांधा आणि दोन्ही पंखांच्या टोकांपर्यंत ताणा. माझ्या अंदाजाने दोन्हीकडच्या मापांत ९ मिमीच्या आसपास फरक निघेल, आणि उजवीकडची दोरी आखूड.

खटपटे | ३ ऑगस्ट, रात्री १०:२०

डावीकडे ११८७, उजवीकडे ११७८.

पंखाचा मागचा बोल्ट काढला. त्याचं भोक मीच दीड मिमी बाजूला पाडलं होतं, मे महिन्यात, घाईत. आता त्यात बांबूची खुंटी चिकटवून नवं भोक पाडतोय. उद्या पुन्हा दोरी.

वार्निश अजून लावलेलं नाही.